फुकटच्या वेब क्लासवर एवढा राग कशाचा?

अर्धविराम
'रंकाळा टॉवर' यांची कालची पोस्ट: "तालमीच्या हॉलात, वाचनालयात रविवारी चालणारे फुकटचे वेबसाइटचे वर्ग बंद करा. फी नाही म्हणून पोरं टिकत नाहीत. टिकतात त्यांना तयार टेम्प्लेटचा रंग बदलण्यापलीकडं काही येत नाही."

पोरं गळतात हे खरं. पण कधी गळतात ते बघा की. तिसऱ्या-चौथ्या रविवारी. आणि तोवर वर्गात काय काढलेलं असतं? पहिल्या रविवारी टॅग (पानाचे भाग सांगणाऱ्या खुणा), दुसऱ्याला रंग-फॉन्ट, तिसऱ्याला बूटस्ट्रॅप (तयार रचनांचा संच), चौथ्याला थेट जावास्क्रिप्टची लायब्ररी रिअ‍ॅक्ट. इकडं पोराला स्वतःची फाइल कुठं सेव्ह झाली ते सापडत नसतं. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, लपवतं. नोटपॅडमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नाव दिलं तरी मागं 'डॉट टीएक्सटी' चिकटतं आणि डबल क्लिक केलं की परत नोटपॅडच उघडतं. पोरगं म्हणतं मला जमत नाही, आणि घरी जातं. यात फीचा संबंध कुठं आला?

पहिल्या रविवारी एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग, एक फोल्डर, एक पान, बस्स. दुसऱ्या रविवारी ते पान गिटहब पेजेसवर, म्हणजे नेटवरच्या फुकट जागेवर, चढलंच पाहिजे. खातं घरून उघडून आणायला सांगा, नाहीतर ईमेलचा पासवर्ड आठवण्यात तास जातो. पान चढलं की खऱ्या चुका आपोआप वर येतात. फोटोचं नाव कॅपिटल 'जेपीजी'त आणि कोडमध्ये स्मॉल: विंडोजवर दिसतो, तिथं ४०४, म्हणजे 'सापडला नाही'. फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह, युजर्स' असा: स्वतःच्या लॅपटॉपवर झकास, दुसऱ्याच्या मोबाइलवर कोरी चौकट. पानाला मोबाइलची रुंदी घ्यायला सांगणारी व्ह्यूपोर्टची मेटा ओळ विसरली की मोबाइल पानाची रुंदी ९८० पिक्सेल धरतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. मोबाइलवरून काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच टाकला की पान उघडता उघडत नाही. १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या प्रकारात बदलला की काम होतं. हे चार धडे फळ्यावर लिहून कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत.

रंकाळा टॉवर
एवढं झकास जमतंय तर ५०० रुपये अनामत घ्या की. पूर्ण केलं की परत. आणि शिकवणारे कोण, तर नोकरीत रिअ‍ॅक्ट लिहिणारे. त्यांना रोज जे लागतं तेच शिकवणार. रिअ‍ॅक्टचा सांगाडा बनवून देणारं क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे मोडीत निघालं, वर्गात अजून तेच. २० लॅपटॉप, एक मोबाइल हॉटस्पॉट, सगळ्यांचं एकदम एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे नेटवरून लायब्ऱ्या उतरवणं. दीड जीबी संपला, वर्ग संपला.

सातवी गल्ली
ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत केलं, तिथं बसून 'फुकटाला किंमत नाही' म्हणताय. धन्य आहे.

रंकाळा टॉवर
मोफत आणि सक्तीचं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड होता. अर्धं वाक्य गिळून दाखले देऊ नका.

सातवी गल्ली
दंड न धाडणाऱ्याला होता. येणाऱ्याकडून दारात आगाऊ घेत नव्हते. उचगाव, गडमुडशिंगीहून येणाऱ्या पोराला ५०० आधी काढून ठेव म्हणा, पहिल्याच रविवारी यादी निम्मी होईल. मग म्हणाल, बघा, टिकत नाहीत.

शिरोली फाटा
तुमची फी चालू दे, मशिनचं कुणी बोलतंय का? देणगीतल्या संगणकांवर विंडोज ७ असतं. तिथं क्रोम १०९ वर थांबतं, कोड लिहायचा व्हीएस कोड १.७० वर. यूट्यूबवरच्या नव्या व्हिडिओत सीएसएस नेस्टिंग (पानाच्या रूपाचे नियम एकात एक लिहिणं) दाखवतात, ते क्रोम ११२ पासून आलं. पोरगं अक्षरन् अक्षर उतरवतं आणि पान ढिम्म हलत नाही. तिथं साधं सीएसएस शिकवा, मांडणीचे फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड सुखात चालतात. व्हीएस कोडचा जुना इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, २० जणांना डाउनलोड करायला लावू नका.

डीटीपीवाला
या सगळ्या वर्गांत एक गोष्ट कधीच शिकवत नाहीत. मराठी. पोरांची पानं 'हॅलो वर्ल्ड, वेलकम टू माय पोर्टफोलिओ'. इथलं गिऱ्हाईक चप्पलवाला, गूळवाला, मंगल कार्यालय. त्याचा मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला असतो. पोरगं तो कॉपी करून पानात चिकटवतं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो, कारण त्या जुन्या फॉन्टांत आतून इंग्रजीचेच कोड आहेत. मग पोरगं काय करतं? मजकुराचा फोटो काढून टाकतं. गुगलला तो सापडत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या अक्षरकोडांत, बदलून घ्यायचं असतं, आणि बदलल्यावर रफार अन् जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची असतात.

अर्धविराम
मुद्दा बरोबर, वेळ चुकीची. पहिल्या महिन्यात कंस बंद करायला विसरतात, त्यात देवनागरी कशाला? दुसऱ्या टप्प्यात घ्या.

डीटीपीवाला
दुसरा टप्पा कधीच येत नाही, वर तुम्हीच लिहिलंय चौथ्या रविवारी गळतात म्हणून! आणि यात अवघड काय आहे? पानाच्या वर अक्षरकोड सांगणारी यूटीएफ-८ ची ओळ, एचटीएमएल टॅगात भाषा 'एमआर'. फॉन्टात सोय असेल तर त्या एका खुणेवर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मुक्ता फॉन्ट घ्या, पण दोनच वजनं (जाडी). सगळी ओढली तर मोबाइलवर पान रेंगाळतं. ओळीची उंची १.७ ठेवा. १.२ वर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. आणि हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये अंतर, देतात, तिथं शिरोरेखेचे तुकडे पडतात. इंग्रजी टेम्प्लेटांत ते आधीच दिलेलं असतं. शून्य करा.

सातवी गल्ली
बाराखडीचा क्लास नाही हा, वेबचा आहे.

डीटीपीवाला
मग वेबचंच घ्या. 'कोल्हापूर' शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारा. चार अक्षरं दिसतात, उत्तर येतं ९, कारण ते काना, उकार, हलन्त वेगळे मोजतं. नावाच्या चौकटीला कमाल १५ ची मर्यादा घातली की आपल्या माणसाचं आडनाव अर्ध्यात तुटतं. गिऱ्हाइकानं मराठी कीबोर्डवरून '१२' टाकलं आणि तुम्ही नंबर फंक्शन लावलं की 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. बिल फॉर्म तिथंच मेला. हे कुठल्या टप्प्यात घेणार? गिऱ्हाइकानं शिव्या घातल्यावर?

शिरोली फाटा
नॅनचं खरं आहे. दहा मराठी अंकांची इंग्रजी अंकांशी अदलाबदल करणारं छोटं फंक्शन लिहायला लावा. अ‍ॅरे, लूप, स्ट्रिंग तिन्ही त्यातच शिकून होतात. टू-डू लिस्टपेक्षा बरा सराव. स्क्रिप्ट टॅगला तेवढं डिफर लावायला सांगा, नाहीतर बटण तयार व्हायच्या आधीच कोड धावतो आणि 'नल'चा लाल एरर येतो. एरर दाखवणारं कन्सोल उघडायचं कुणी शिकवलेलं नसतं, मग पोरगं सगळं पुसून पहिल्यापासून टाइप करतं.

अर्धविराम
बरं बाबा. दुसऱ्या रविवारचं पान मराठीत. स्वतःच्या गल्लीची माहिती, एक फोटो, एक यादी. पण इनस्क्रिप्ट कीबोर्ड मी शिकवणार नाही. मोबाइलवर बोलून टाइप करा आणि स्वतःला मेल करा.

रंकाळा टॉवर
म्हणजे आता फॉन्टही फुकट शिकवणार. छान. मी विचारलं होतं टेम्प्लेटचं, त्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

अर्धविराम
घ्या. बूटस्ट्रॅपच्या बारा कॉलमांचा क्लास चिकटवता येतो, पण मोबाइलवर पान आडवं का सरकतं ते कळत नाही. चौकटीला रुंदी १०० टक्के, शिवाय दोन्हीकडं २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा), म्हणजे ४० पिक्सेल बाहेर. पॅडिंग रुंदीतच धरणारी बॉर्डर-बॉक्सची एक ओळ लावायची. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये चौकटीवर माउस नेऊन हे ज्याला दाखवता आलं त्याला खुशाल टेम्प्लेट वापरू दे. ज्याला नाही त्याला टेम्प्लेट देऊच नये, एवढं तुमचं मान्य.

रंकाळा टॉवर
उपकार झाले. अनामत सोडली. पण दुसऱ्या रविवारी ज्याचं पान चढलेलं नाही त्याला तिसऱ्याला पुढं न्यायचं नाही.

अर्धविराम
न्यायचं नाही, पण घालवायचंही नाही. मागं वेगळं टेबल, एक माणूस फक्त त्यांच्यासाठी. बहुतेकांचं फाइलचं नाव नाहीतर फोल्डर चुकलेलं असतं, दहा मिनिटांचं काम.

डीटीपीवाला
त्या टेबलावर इनस्क्रिप्टचा तक्ता मी छापून देतो. ए-थ्री, लॅमिनेशनसकट. फुकट.