दहा संगमनेरी शेळ्यांसाठी गोठा किती मोठा असावा?

प्रश्न : सिन्नरजवळ दुधासाठी १० संगमनेरी शेळ्या आणि १ बोकड पाळण्याचा विचार आहे. गोठ्यासाठी किती जागा धरावी, हे कृपया सांगावे.

उत्तर १ : प्रत्येक मोठ्या शेळीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि मोकळ्या कुंपणात त्याच्या दुप्पट जागा द्यावी. करडांचा कप्पा वेगळा असावा.

उत्तर २ : बोकड मात्र दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधावा, कारण त्याचा उग्र वास दुधाला लागतो आणि मग घरातली मुलेही ते पीत नाहीत, आमच्याकडे हे घडले आहे.

उत्तर ३ : गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. जमीन ओली राहिली तर खूर कुजतात आणि कासदाहाचा, म्हणजे कासेला सूज येण्याच्या आजाराचा, धोका वाढतो, म्हणून जागेपेक्षाही कोरडेपणाला मी अधिक महत्त्व देईन.