मदत हवी आहे: हेलियम-४ वर इलेक्ट्रॉन स्कॅटरिंग, शिखर भलत्याच जागी

केगाव_एमएस्सी
हेलियम-४ च्या केंद्रकावर इलेक्ट्रॉन आदळून विखुरतात (स्कॅटरिंग), त्यावरून आतल्या प्रोटॉनची रचना बघायची, हा प्रकल्प आहे. पायथनमध्ये प्रोग्राम लिहिलाय, पण विखुरलेल्या इलेक्ट्रॉनच्या आलेखातलं शिखर ३५ एमईव्हीला (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) यायलंय. पेपरांत तिथं मोठं काहीच दिसत नाही, रुंद टेकाड बरंच पुढं असतं. तीन दिवस इथंच अडकलोय. गड्डा जत्रेच्या आधी द्यायचंय. काय चुकतंय सांगा की लवकर.

सातरस्ता
बीमची ऊर्जा? कोन? ३५ म्हणजे इलेक्ट्रॉनची गेलेली ऊर्जा का? आणि फक्त इलेक्ट्रॉन मोजतोस की बाहेर पडलेला प्रोटॉनही पकडतोस?

विडीघरकुल_७
अंशांचे रेडियन केले नसशील. सगळ्यांचं तिथंच चुकतं.

केगाव_एमएस्सी
१ जीईव्ही (१००० एमईव्ही), ३० अंश. हो, गेलेली ऊर्जाच. फक्त इलेक्ट्रॉन. रेडियन केलेत.

सातरस्ता
रेडियनचा प्रश्नच नाही. ते राहिले असते तर प्रोटॉनचं वस्तुमान धरून ४७४ एमईव्ही आलं असतं. वस्तुमान किती घातलंस? ३.७२७ जीईव्ही असेल तर उत्तर मिळालं. अख्खं हेलियम धरलं की ३४.७ येतात. ते अख्ख्या केंद्रकावरचं, केंद्रक न फुटता होणारं इलास्टिक स्कॅटरिंग, आणि क्यू-वर्ग (इलेक्ट्रॉनने दिलेल्या धक्क्याचं माप) ०.२६ जीईव्ही-वर्गाला त्याचा फॉर्म फॅक्टर (आत विद्युतभार आणि चुंबकत्व कसं पसरलंय ते सांगणारी संख्या) फार लहान असतो. प्रोटॉनचं ०.९३८ घाल. मोकळ्या प्रोटॉनला १२५ येईल. मग बीममधून सुमारे २० एमईव्ही वजा कर, हेलियम-४ मधून प्रोटॉन उपटायला १९.८ लागतात. शिखर १४० च्या आसपास सरकेल.

अक्कलकोट_नाका
हे सोडून द्या. रचना बघायची तर ध्रुवीकरण (कणांचे स्पिन एका दिशेला किती झुकलेत ते) हाच रस्ता. ध्रुवीकृत बीम, बाहेर आलेल्या प्रोटॉनचं आडवं ध्रुवीकरण भागिले लांबीच्या दिशेचं. विद्युत आणि चुंबकीय फॉर्म फॅक्टरचं गुणोत्तर थेट मिळतं, डिटेक्टरची कार्यक्षमता भागाकारात उडून जाते. जर्मनीत मेंझला आणि अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये हेलियम-४ चं गुणोत्तर हायड्रोजनपेक्षा सुमारे १० टक्के कमी आलंय. केंद्रकात प्रोटॉन बदलतो.

होटगी_रोड
"बदलतो" इतकं ठाम म्हणू नका. इलेक्ट्रॉनने न्यूट्रॉनला मारलं आणि वाटेत विद्युतभाराची अदलाबदल होऊन प्रोटॉन बाहेर आला, तरीही गुणोत्तर खाली येतं. म्हणून टकरीच्या प्रतलाला लंब ध्रुवीकरण बघायचं. इलेक्ट्रॉनने एकच फोटॉन दिला आणि बाहेर पडताना प्रोटॉनची नंतरची टक्कर नाही, तर ते शून्य. मोजलं तर शून्य येत नाही. टकरीचं गणित त्याला जुळल्याशिवाय १० टक्क्यांचा अर्थ लावता येत नाही.

अक्कलकोट_नाका
टकरीचं गणितही शेवटी प्रतिमानच आहे.

होटगी_रोड
बदलाचंही प्रतिमानच आहे. म्हणूनच दोन्ही एकाच डेटावर घासायची.

विडीघरकुल_७
प्रोटॉनची त्रिज्या म्युऑन हायड्रोजनवरून (इलेक्ट्रॉनऐवजी जड म्युऑन असलेला) २०१० मध्ये ०.८४ फेमटोमीटर आली. तीच घे, जुनी ०.८८ नको.

सातरस्ता
त्रिज्या त्याने विचारलेली नाही. @केगाव, खरी अडचण पुढं आहे. फक्त इलेक्ट्रॉन मोजलास तर शिखरात दोन न्यूट्रॉनही आले. फॉर्म फॅक्टरचं नेहमीचं डायपोल सूत्र धरून तुझ्या कोनाला त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के. तो वजा न करता "प्रोटॉनची रचना" लिहू नकोस. शिवाय विद्युत आणि चुंबकीय भाग वेगळे करायला तोच क्यू-वर्ग दुसऱ्या, मोठ्या कोनाला हवा. एका कोनावर ते होत नाही.

केगाव_एमएस्सी
३.७२७ च होतं! बदललं, १४० आलं. पण टेकाड नाही, सुईसारखी रेघ आलीय.

होटगी_रोड
प्रोटॉन स्थिर धरलास म्हणून. केंद्रकात तो हलतो. क्यू-सदिश, म्हणजे इलेक्ट्रॉनने दिलेला संवेग, ५०० एमईव्ही प्रति सी आहे (सी म्हणजे प्रकाशाचा वेग). त्या दिशेला प्रोटॉनचा संवेग १०० असेल तर ऊर्जा ५३ एमईव्हीने सरकते. संवेगाच्या वितरणावर बेरीज घे, रेघेचं टेकाड होईल. बांधलेल्या प्रोटॉनसाठी डी फॉरेस्टचं १९८३ चं सीसी१ सूत्र वापर, मोकळ्या प्रोटॉनचं जसंच्या तसं नको.

केगाव_एमएस्सी
वितरण कुठलं घेऊ? साधं गॉसियन चालेल?

सातरस्ता
शिखराच्या आसपास चालेल. ३०० एमईव्ही प्रति सीच्या वर गॉसियन झपकन खाली जातं, पण खरी शेपटी जोडीने फिरणाऱ्या न्यूक्लिऑनमुळं (प्रोटॉन-न्यूट्रॉनमुळं) लांब असते. टेकाडाच्या डाव्या उताराला, म्हणजे कमी ऊर्जेकडं, ते लगेच दिसेल. आधी वितरणाचं एकूण क्षेत्रफळ एक येतंय का तेवढं तपास.