टॅटूची शाई कशाची असते? (लाल कमळ हवंय म्हणे)

ऐरोलीची आई: लेक अठराची झाली. मनगटावर लाल कमळ काढायचंय. स्टुडिओवाला म्हणतो, "व्हीगन शाई आहे, काळजी नको." त्या शाईत असतं काय? आणि सासूबाईंचं गोंदण काजळाचं, तरी हिरवट-निळं का दिसतं?

नौपाड्याचा नितीन: मेंदी काढून द्या, महिन्याभरात हौस फिटेल 😀

रंगवालेकाका, घणसोली: नितीन, मेंदी चालेल, 'काळी मेंदी' नको. तिच्यात बहुतेकदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं, फोड येतात.

ताई, माझी नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत, पिगमेंटच्या कारखान्यात झाली. रुमाल कायम निळा. टॅटूतला निळा बहुतेकदा तोच, कॉपर थॅलोसायनिन. आम्ही तो छपाईच्या शाईला आणि प्लॅस्टिकला विकायचो. कातडीखाली जाईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. काळा म्हणजे कार्बन, पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड. लाल पूर्वी हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याचा. आता बहुधा अ‍ॅझो पिगमेंट, म्हणजे कारखान्यात बनवलेला रंग. बाकी पाणी, ग्लिसरीन, थोडं अल्कोहोल.

व्हीगन म्हणजे हाडांचा कोळसा, लाख, चरबीचं ग्लिसरीन नाही, एवढंच. लाल कुठला, ते त्यातून कळत नाही. आणि अ‍ॅलर्जीच्या तक्रारी लालच्याच जास्त, कधी कधी वर्षांनी उपटणाऱ्या. युरोपने जानेवारी २०२२ पासून शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली.

सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते. वरची कातडी झडत राहते, हा थर झडत नाही. तिथल्या पेशी रंगाचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की कण सुटतात आणि नवी पेशी ते गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. थोडे कण काखेतल्या लसिका गाठींपर्यंतही पोहोचतात. टॅटू पुसायचा लेझर हे कण फोडतो, मग शरीर ते वाहून नेतं.

सासूबाईंचं काजळ अजून काळंच आहे. कातडीतून निळा प्रकाश जास्त विखरून परत येतो, म्हणून तसं दिसतं.

कोपरीची नर्स: काकांच्या रसायनाइतकीच स्वच्छता बघा. सुई समोर फोडायला लावा, शाई एकदाच वापरायच्या कपात ओतायला सांगा. नळाचं पाणी मिसळताना दिसला तर सरळ उठून या.

ऐरोलीची आई: लेकीने वाचलं. कमळ काळं चालेल म्हणते, पण मधली एक पाकळी लाल हवीच! बाटलीचा फोटो मागवलाय.

रंगवालेकाका, घणसोली: लेबलवर 'सी.आय.' (कलर इंडेक्स) लिहून पाच आकडी नंबर असेल, त्यावरून रंग कुठला ते कळतं, तो इथे टाका. नसेल तर ती बाटली नको.