‘जाने जान’बद्दल समीक्षकांची मते इतकी विभागली का गेली?

प्रश्न

सुजॉय घोष यांचा ‘जाने जान’ २१ सप्टेंबर २०२३ रोजी थेट नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची समीक्षणे मी आवर्जून वाचली होती. जयदीप अहलावत यांच्या कामाबद्दल जवळपास सर्वांचे एकमत होते आणि करीना कपूर यांच्या पहिल्या ओटीटी चित्रपटाचेही कौतुक झाले. पण रहस्यपट म्हणून तो कितपत जमला आहे, याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. काहींना त्याचे वातावरण खिळवून ठेवणारे वाटले, तर काहींना तो संथ आणि उत्तरार्धात सैल पडलेला वाटला. गेल्या आठवड्यात चित्रपट पाहिला आणि मला तो मनापासून आवडला. खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवणाऱ्या चित्रपटाला रहस्यपटाचे कोणते निकष लावायचे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे. शेवट उघड करू नये, ही विनंती.

प्रतिसाद १

हा चित्रपट केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या जपानी कादंबरीवर आधारित आहे आणि आपल्याला पडलेल्या प्रश्नाचे मूळ तिच्या रचनेतच आहे. माया डिसोझा (करीना कपूर) ज्याच्यापासून पळून कालिम्पाँगला आली, तो तिचा नवरा तिच्याच घरात मारला जातो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मात्र शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक नरेन (जयदीप अहलावत) त्यानंतर नेमके काय करतो, हे आपल्याला कळू दिले जात नाही. म्हणजे रहस्य आहेच, पण प्रेक्षक ज्या जागी ते शोधत असतो, त्या जागी ते नाही. कादंबरीतला शिक्षक परीक्षेत असे प्रश्न घालतो की ते वरवर भूमितीचे भासावेत आणि प्रत्यक्षात फलनांचे असावेत. सारी कथा याच चकव्यावर उभी आहे, आणि खुनी ठाऊक आहे म्हणजे आता काही उरले नाही असे समजणारा प्रेक्षक त्यात बरोबर सापडतो.

समीक्षकाची खरी पंचाईत इथेच होते. ज्या कल्पनेवर चित्रपटाचे मूल्यमापन व्हायला हवे, तिचा नुसता उल्लेख केला तरी रहस्यभेद होतो, त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवशी लिहिणारा माणूस अभिनय, डोंगरावरचे धुके आणि अविक मुखोपाध्याय यांचे छायाचित्रण यांवर सविस्तर लिहितो आणि मूळ गाभ्याची एका मोघम वाक्यात बोळवण करतो. यात त्याचा दोष नाही, पण वाचकाच्या हाती अर्धेच समीक्षण येते, एवढे खरे.

प्रतिसाद २

वरील मुद्दा मान्य करूनही मला वाटते की, उत्तरार्धाविषयीची तक्रार अगदीच निराधार नाही. कादंबरीत पोलीस अधिकारी कुसानागी आणि पदार्थवैज्ञानिक युकावा ही दोन वेगळी माणसे आहेत. युकावा हा शिक्षकाचा महाविद्यालयीन मित्र असल्याने, आपल्याला उमगलेले सत्य पोलिसांना सांगावे की नाही, या विचाराने तो आतून पोखरला जातो. हिंदी चित्रपटात या दोघांचा मिळून एकच करण होतो. तोच पोलीस, तोच जुना मित्र आणि शिवाय मायाकडे ओढला गेलेला पुरुष. विजय वर्मा यांनी ही भूमिका उत्साहाने रंगवली आहे, परंतु तीन ओझी एकाच पात्रावर आल्यामुळे मैत्रीतली ती घालमेल विरळ होते. २०१२ च्या कोरियन रूपांतरानेही त्या वैज्ञानिकाला वगळलेच होते.

कादंबरीतला एक बारीकसा प्रसंग मला विसरता येत नाही. काचेत उमटलेल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे पाहत शिक्षक मित्राला म्हणतो की, तू अजून तरुण दिसतोस, तुझे केसही दाट आहेत. आपल्या दिसण्याची ज्याने आजवर कधी फिकीर केली नाही, त्याला अचानक ती वाटू लागली आहे, हे युकावाच्या लक्षात येते आणि तिथून त्याच्या संशयाला दिशा मिळते. अहलावत यांच्या विरळ केसांच्या रंगभूषेकडे काही जणांनी केवळ वेषांतराची करामत म्हणून पाहिले, याचे मला वाईट वाटले. कारण त्या माणसाचा सारा न्यूनगंड आणि त्याचे प्रेम त्या टकलात सामावले आहे.

प्रतिसाद ३

संथपणाबद्दल थोडेसे. चित्रपटगृहात अंधार आणि शांतता आपल्याला बांधून ठेवतात, तर घरी हातात रिमोट असतो आणि शेजारी फोन वाजत असतो. गणिताच्या पायऱ्यांसारखी पुढे सरकणारी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी पाहिली, तर ती संथच वाटणार.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दुसऱ्या प्रतिसादामुळे मी काल रात्री करण आणि नरेन यांचे एकत्र प्रसंग पुन्हा पाहिले. पहिल्या वेळी माझे सारे लक्ष करणच्या प्रश्नांकडे होते. या वेळी नरेनच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो आणि त्याची खाली झुकणारी नजर, खांद्यांचे अवघडलेपण, उत्तर देण्याआधीची ती क्षणभराची थांबणूक, हे सगळे वेगळेच दिसू लागले. करणचे पात्र मात्र आता मलाही भारावलेले नव्हे, तर भाराखाली दबलेले वाटते. कादंबरी मागवली आहे. ती वाचून झाली की याच धाग्यावर लिहीन.