लेखनिक मिळाला, पण पुढे?

"लेखनिक आणि जादा वेळ मंजूर झाला, आता चिंता मिटली," असं आपल्या दिव्यांग मुलाच्या दहावीच्या परीक्षेबद्दल (लेखनिक म्हणजे त्याची उत्तरं लिहून देणारा) वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, मिटली ती दहावीपुरती. आमचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला). निकाल लागला आणि शाळेतल्या विशेष शिक्षिका, थेरपी, सगळंच थांबलं. अमेरिकेत मूल 16 वर्षांचं होईपर्यंत शाळेला 'पुढे काय' याचा आराखडा कायद्यानं करावाच लागतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यात 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, सरकारी-अनुदानित कॉलेजांत 5 टक्के जागाही आहेत. मधलं सगळं मात्र आईबापांनी निस्तरायचं.

म्हणून आम्ही नववीतच त्याला एकट्यानं लोकलनं जायला शिकवायला घेतलं. मुलुंड ते दादर, तो दिव्यांगांच्या डब्यात, मी शेजारच्या. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, यातच सहा महिने गेले. (बीजगणित त्यापेक्षा सोपं होतं!)

आणखी एक. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल, तर 18 नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आम्हाला हे बँकेच्या खिडकीवर कळलं.