लेट्रोझोल चालू असताना एलडीएल वाढलंय, भीतीने आईने खाणं कमी केलंय. मदत हवी आहे

नमस्कार. आईच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. गाठ इआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर असलेली), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली). रेडिएशन संपलं, आता रोज लेट्रोझोलची (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी चालू आहे. वय ६३, शुगर नाही, बीपीची गोळी आहे. परवाच्या लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६८ आलं. आधी १३०च्या आसपास असायचं.

त्यातच नात्यातल्या कोणीतरी मेसेज पाठवला की कॅन्सरच्या पेशी कोलेस्टेरॉलवर वाढतात. तेव्हापासून आईने तूप, अंडी, दूध, दही सगळं सोडलं, अगदी शेंगदाण्याचं कूटसुद्धा. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतं हे सांगून झालं, पण ऐकत नाही. भाकरी आणि कोरडी भाजी यावर चाललंय. वजन उतरतंय. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात आणि नेमकं दूधच बंद, त्यामुळे मला एलडीएलपेक्षा याचीच धास्ती जास्त आहे.

मेसेज अगदी खोटा नाही, हीच अडचण. मी वाचलं ते असं: पेशी दुभंगायची तर नवं आवरण लागतं आणि त्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं. पेशी ते स्वतः बनवते किंवा रक्तातल्या एलडीएलच्या कणांतून घेते. पेशीच्या पृष्ठभागावरची एलडीएल रिसेप्टर नावाची प्रथिनं हे कण पकडतात, कण आत ओढला जातो, तिथे फुटतो आणि कोलेस्टेरॉल मोकळं होतं. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल या शोधासाठी मिळालं. निरोगी पेशीचं भागलं की ती रिसेप्टर कमी करते. हर-टू पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे रिसेप्टर नाहीत आणि हर-टूही जास्त नाही अशा) प्रकारच्या काही गाठींत मात्र ते जास्त आढळतात. एलडीएल जास्त असलेल्या उंदरांत अशा गाठी वेगाने वाढल्या आणि रिसेप्टर दाबल्यावर वाढ मंदावली.

आईच्या प्रकारात आणखी एक वाट आहे. शरीर कोलेस्टेरॉलपासून २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल तयार करतं आणि ते इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरलाच चिकटून त्याला चालना देतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली उंदरांत हे दाखवलं.

पण हे कोलेस्टेरॉल ताटातून थेट गाठीत जात नाही. शरीरातलं बरंचसं यकृतच बनवतं, आणि एलडीएल वाढवण्यात अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप-लोण्यातल्या संपृक्त स्निग्धाचा वाटा मोठा असतो. म्हणजे तूप कमी करणं पटतं, उपाशी राहणं नाही. आईला हे तिच्या भाषेत कसं समजवावं?

दुसरा प्रश्न स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा. फॅमिली डॉक्टर सुरू करू म्हणतात, पण ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय नको असं मला वाटतं. बिग १-९८ या मोठ्या चाचणीत लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्याच दुसऱ्या औषधाची तुलना होती. त्यात हार्मोनच्या उपचारादरम्यान कोलेस्टेरॉलची औषधं सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये रोग परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. ती औषधं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, त्यामुळे श्रेय त्यांचंच असं म्हणता येत नाही. म्हणून तर डेन्मार्कमध्ये अ‍ॅटोर्वास्टॅटिन हे स्टॅटिन आणि प्लासिबो (औषध नसलेली गोळी) यांची तुलना करणारी मास्टर नावाची चाचणी हाती घेतली गेली. हृदयासाठी गरज असेल तर गोळी घ्यायलाच हवी, हे मला मान्य आहे. फक्त कॅन्सरसाठी म्हणून घ्यावी, असं मी आईला सांगणार नाही.

ज्यांच्या घरी लेट्रोझोल आणि स्टॅटिन एकत्र चालू आहे त्यांनी कृपया लिहा. आईचे गुडघे आणि बोटांचे सांधे लेट्रोझोलने आधीच दुखतात. स्टॅटिनने स्नायू दुखू लागले तर फरक कसा ओळखला? सुरू करण्याआधी सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या करून घेतल्या होत्या का? डोस कोणी ठरवला, ऑन्कोलॉजिस्टनी की हृदयाच्या डॉक्टरांनी?

आणि सांगली-कोल्हापूरकडे कॅन्सरच्या रुग्णांना पाहणारे, आपलं भाकरी-पिठलं समजणारे आहारतज्ज्ञ कसे शोधावेत? किलोमागे इतकी प्रथिनं असा हिशोब आईला नको आहे. सकाळी काय, दुपारी काय, एवढं कोणीतरी अधिकाराने सांगितलं तर ती ऐकेल. मुलीचं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकते.

पुढची तपासणी महिनाअखेरीस आहे. त्याआधी उत्तरं मिळाली तर डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून नेईन.