दोन पत्रकं, एकच जिल्हा: मुलींना कुठे पाठवायचं?

जिल्ह्याच्या रग्बी संघटनेत फूट पडलीय आणि दोन्ही गटांनी पत्रक काढून एकाच आठवड्यात मुलींची निवड चाचणी ठेवलीय, मग कुठे जायचं, असा प्रश्न आलाय. आधी दोन्ही गटांकडे राज्य संघटनेचं चालू वर्षाचं संलग्नता पत्र, म्हणजे मान्यतेचं पत्र, मागा, नुसतं लेटरहेड नको. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी खेळाचं प्रमाणपत्र पडताळणीला विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात जातं. मान्यता नसलेल्या गटाचं प्रमाणपत्र तिथे बाद होतं, आणि हे पोरीला कळतं काही वर्षांनी. फार वाईट वाटतं.

सेव्हन्सला, म्हणजे सात जणींच्या रग्बीला, मैदानात ७, संघात १२. परभणी-हिंगोलीकडे एका तालुक्यात १२ मुली जमवताना दमछाक होते; त्यात फूट पडली की दोन्हीकडे ७ सुद्धा उरत नाहीत. म्हणून मुलींची स्पर्धा आधी रद्द होते. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत होतात, ती नोंदणी चुकवू नका.